कपाळ थंड, अंगात १०३: कूलिंग पॅचचं एक प्रकरण

मुलगी १४ महिन्यांची, वजन १०.२ किलो. पूर्ण दिवसांची, लसी वेळेवर झालेल्या, आधी कुठलंही मोठं दुखणं नाही. तापाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आई, बाबा आणि आजी तिला घेऊन आले. आजीच्या खांद्यावर मान टाकून ती पडली होती आणि कपाळावर आडवी कूलिंग पॅचची पट्टी होती. एक कोपरा सुटून भुवईवर आला होता. (हे प्रकरण लिहायला आईवडिलांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बाबांनी आल्या आल्या सांगितलं, "डॉक्टर, आत्ता ताप नाहीये. निघताना अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ होता. पण ती बरी दिसत नाहीये."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं, हे बरं झालं. कारण आदल्या संध्याकाळी फोनवर ते मी ऐकलं नव्हतं.

मी पट्टी काढली. खाली कपाळावर चौकोनी फिकट ठसा उमटलेला, कातडी ओलसर आणि गार. तोच हात मानेमागे नेला तर चटका बसावा इतकी मान गरम. पोटही तसंच. तळपाय मात्र थंड. बाबांच्याच बंदुकीसारख्या थर्मामीटरने ठशाच्या मधोमध मोजलं, ९८.८ आलं. मग आमचा साधा डिजिटल थर्मामीटर काखेत धरला, बीप वाजेपर्यंत हात दाबून ठेवला. १०३.४.

आई काही न बोलता त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे रात्रभर तिला इतका ताप होता?"

वहीतलं पान

या घराने एक फार चांगली गोष्ट केली होती. ताप मोजून प्रत्येक वेळी वहीत लिहिला होता. आईचं अक्षर, वेळ आणि आकडा, कुठे कुठे पुढे एखादा शब्द. ते पान मी समोर घेऊन बसले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला काखेत १०२.६. त्यानंतर काखेतल्या थर्मामीटरची बॅटरी संपली आणि कपाळावर धरायचा थर्मामीटर आला. आठ वाजता पट्टी लावली. नऊला ९८.९, पुढे लिहिलेलं "उतरला". बाराला ९९.१. पहाटे सव्वातीनला १०२.८, पुढे "पट्टी पडली होती, पुन्हा चढला". नवी पट्टी. चारला ९९.० आणि पुन्हा "उतरला".

पुढचा अख्खा दिवस असाच. एकूण चौदा नोंदी. त्यातल्या पाच १०२ च्या वर आणि पाचही पट्टी बराच वेळ कपाळावर नसतानाच्या. एकदा ती गळून पडली होती, एकदा आंघोळीच्या वेळी काढली होती, एकदा नवी आणायला वेळ लागला होता. उरलेल्या नऊ नोंदी ९८.६ ते ९९.४ या दरम्यानच्या. त्या पट्टीची कड उचलून खालच्या कातडीवर मोजलेल्या.

वही वाचली तर वाटावं की ताप चढतोय-उतरतोय आणि पट्टी लावली की हमखास उतरतोय. प्रत्यक्षात ताप बहुधा सगळा वेळ चढलेलाच होता. उतरत होतं ते पाच बाय अकरा सेंटिमीटरच्या एका तुकड्याचं तापमान, आणि थर्मामीटर नेमका त्याच तुकड्यावर धरला जात होता.

आपल्या सगळ्यांचा हात तापाची शंका आली की आधी कपाळावर जातो. हे थर्मामीटरही तिथेच धरायचे. आणि पट्टीही तिथेच लावायची. या प्रकरणात जे बिघडलं ते इतकंच आहे. हे मुद्दाम ठळकपणे लिहिते आहे, कारण पट्टीच्या पाकिटावर घडी कशी सोडायची, पारदर्शक कागद कसा काढायचा याची चित्रं होती, पण "ताप कपाळावर मोजू नका" हे सहज दिसेल असं कुठेही नव्हतं.

आता माझा भाग. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. मी विचारलं, ताप किती? ते म्हणाले, बहुतेक वेळा ९९ च्या आसपास, मधेच १०२ होतो. खोकला नाही, सर्दी नाही, जुलाब नाहीत. मी म्हटलं, उतरतो आहे ना, मग आजची रात्र बघू, उद्या घेऊन या. कुठे मोजलात, हे मी विचारलं नाही. तो प्रश्न विचारला असता तर ती मुलगी बारा-तेरा तास आधी माझ्यासमोर असती. आता फोनवर कुणी तापाचा आकडा सांगितला की माझा पुढचा प्रश्न ठरलेला आहे: काखेत की कपाळावर, आणि कपाळावर काही लावलं होतं का?

पट्टी करते काय

या पट्टीत औषध नसतं, निदान ताप उतरवणारं तरी नसतं. कापडासारख्या पातळ पाठीवर हायड्रोजेलचा थर असतो. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं पॉलिमर, त्यात मुख्य घटक पाणीच. कातडीच्या उष्णतेने ते पाणी हळूहळू उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. ओल्या फडक्याची घडी कपाळावर ठेवल्यावर होतं तेच. फरक एवढाच की फडकं पुन्हा पुन्हा भिजवावं लागतं, ही काही तास ओली राहते आणि पाणी डोळ्यांत ओघळत नाही.

बऱ्याच पट्ट्यांत मेंथॉलही असतं. मेंथॉलचा गारवा हा कातडीच्या मज्जातंतूंना होणारा भास आहे. थंडी ओळखणारं टीआरपीएम८ नावाचं एक प्रथिन या तंतूंवर असतं. गार स्पर्शाने ते जागं होतं, तसंच मेंथॉलनेही होतं. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे ते शोधून काढलं, आणि तापमान व स्पर्श शरीराला कसे कळतात यावरच्या कामासाठी २०२१ चं नोबेल दोघांना मिळालं. म्हणजे मेंथॉलमुळे गार वाटतं हे खरं, पण त्यासाठी अंगातली उष्णता कमी व्हावी लागत नाही.

बाबांना हिशेब लागतो, तेव्हा मी त्यांच्यासमोर कागदावर हिशेबच मांडला. पट्टीच्या बाजूने उदारपणे धरू: तासाला १ ग्रॅम पाणी उडतंय. १ ग्रॅम पाणी कातडीवरून उडताना साधारण ५८० कॅलरी उष्णता नेतं, म्हणजे किलोकॅलरीत अर्ध्याहून थोडी जास्त. दहा किलोचं मूल नुसतं पडून असलं तरी त्याचं शरीर तासाला वीस-बावीस किलोकॅलरी उष्णता तयार करतं, तापात त्याहून जास्त. आणि दहा किलोचं शरीर १ अंश सेल्सिअसने, म्हणजे जवळजवळ दोन अंश फॅरेनहाइटने, थंड करायचं तर आठ-साडेआठ किलोकॅलरी बाहेर काढाव्या लागतात. शरीराने काहीही विरोध केला नाही असं धरलं तरी एका पट्टीला चौदा-पंधरा तास लागतील. पट्टी फ्रिजमधली असली तरी यात फारसा फरक पडत नाही. दहा ग्रॅमचा गार जेल अंगाइतका गरम होताना एक तृतीयांश किलोकॅलरीसुद्धा घेत नाही. क्षेत्रफळ बघितलं तर पट्टी या मुलीच्या अंगाच्या जेमतेम सव्वा टक्का भागावर होती.

आणि शरीर विरोध करतंच. हे एकदा समजलं की तापाबद्दलचे अनेक गोंधळ सुटतात. संसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशी काही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसजवळ, म्हणजे शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या भागाजवळ, प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार होतं आणि शरीराचं ठरलेलं तापमानच वर सरकतं. आता शरीराच्या लेखी १०३ हेच बरोबर आहे. तिथे पोचण्यासाठी ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून तळपाय थंड लागतात. गरज पडली तर थंडी वाजवून स्नायू थरथरवतं. अशा शरीरावर बाहेरून गार पाणी ओतलं तर ते आणखी जोर लावून उष्णता साठवतं. थंड पाण्याने पुसल्यावर मूल कुडकुडतं आणि रडतं ते यामुळे. पॅरासिटामॉल वेगळ्या जागी काम करतं. ते प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, ठरलेलं तापमानच खाली येतं, आणि मग शरीर स्वतःहून घाम काढून उष्णता सोडतं.

उष्माघाताची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे ठरलेलं तापमान वाढलेलं नसतं, उष्णता बाहेर टाकायची यंत्रणाच कोलमडलेली असते. तिथे पॅरासिटामॉल उपयोगी नाही, सर्वांगावर पाणी आणि वारा घेऊन लगेच थंड करणं हाच उपचार आहे आणि तो मिनिटांत सुरू व्हावा लागतो. तिथे कपाळावर पट्टी चिकटवून वाट बघणं जिवावर बेतू शकतं.

मग औषध दिलं नव्हतं का?

दिलं होतं, पण थोडं. अडीच मिलिलिटर, ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप. म्हणजे ६० मिलिग्रॅम. मुलांना पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. या मुलीला १०० ते १५० हवं होतं. म्हणजे डोस निम्माच पडला. आणि दोन दिवसांत तो फक्त तीनदा दिला गेला, कारण वही सांगत होती की ताप उतरलेला आहे.

आजीने कारण सांगितलं: "पट्टीने काम होतंय तर पोरीच्या पोटात उगाच औषध कशाला घालायचं?" या वाक्यात मला अडाणीपणा दिसत नाही. नातीची काळजीच दिसते. पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृताला खरंच घातक असतो, ती भीती निराधार नाही. पण वजनाप्रमाणे, चार ते सहा तासांच्या अंतराने आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही, असं दिलं तर ते मुलांसाठी सुरक्षित आहे. सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या येतात, थेंबांची बाटली तर फारच तीव्र असते. म्हणून मी नेहमी मिलिग्रॅममध्ये हिशेब करून, समोरच्या बाटलीवरचा आकडा वाचून, मग किती मिलिलिटर ते लिहून देते. आईला तो हिशेब एकदा करून दाखवला, दुसऱ्यांदा तिनेच केला.

तापाचा आकडा खाली आणण्यासाठी औषध द्यायचं नसतं, हेही बोललो. मूल खेळतंय, पाणी पितंय, हसतंय, तर १०१ ला औषध द्यायलाच हवं असं नाही. ते मलूल आहे, दुखतंय, पीत नाही, तर द्यावं. आईच्या मनात मात्र दुसरीच भीती होती. तिच्या एका भावाला लहानपणी तापात आकडी आली होती. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तशी आकडी येते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक मुलांना पुढे त्याचा काही त्रास राहत नाही. ती टाळायला ना पट्टीचा उपयोग होतो, ना वेळ लावून दिलेल्या पॅरासिटामॉलचा. हे ऐकून तिला धीर आला की ती जास्त घाबरली, मला सांगता येणार नाही. पण रात्रभर जागून पट्ट्या बदलण्यामागचं कारण मला तेव्हा कळलं.

खरं दुखणं कुठे होतं

तपासणीत नाडी मिनिटाला १६८, श्वास ४०. तोंड थोडं कोरडं. टाळू सपाट, मान मऊ, अंगावर पुरळ नाही. कान, घसा, छाती स्वच्छ. पोट मऊ, पण खालच्या भागाला हात लावला की ती पाय आखडून घेत होती. चोवीस तासांत तीनच डायपर ओले झाले होते. आईने जाता जाता सांगितलं की शू करताना ती रडते, पण तापाने चिडचिडी झाली असेल असं घरात सगळ्यांना वाटलं.

१०२ च्या वर ताप, वय दोन वर्षांच्या आत, मुलगी, आणि तापाचं दुसरं कारण सापडत नाही. अशा वेळी लघवी तपासायलाच हवी. दोन वर्षांखालच्या अशा मुलांत शंभरात पाच ते सात जणांना मूत्रमार्गाचा संसर्ग निघतो. नमुना बारीक नळी घालून घेतला, कारण पिशवी चिकटवून घेतलेली लघवी बऱ्याचदा बाहेरच्या जंतूंनी दूषित होते आणि मग अहवालावर विश्वास ठेवता येत नाही. नायट्राइट, म्हणजे लघवीत जंतू असल्याची खूण, पॉझिटिव्ह, पू-पेशी भरपूर. अँटिबायोटिक लगेच सुरू केलं. दोन दिवसांनी कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू वाढला, मिलिलिटरमागे एक लाखाहून अधिक.

ती पीत नव्हती आणि दोनदा उलटी झाली होती, म्हणून एक दिवस ठेवून घेतलं, सलाइन आणि इंजेक्शन दिलं. मग तोंडी औषध, एकूण दहा दिवस. काखेतला ताप छत्तीस तासांनी १०० च्या खाली आला आणि तसाच राहिला.

ताप येणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गात उपचार जितके लांबतात तितका मूत्रपिंडावर व्रण राहण्याचा धोका वाढतो. म्हणून या दोन दिवसांची मला रुखरुख आहे. पट्टीने संसर्ग वाढवला नाही. तिने निरोप अडवला. तिसऱ्या दिवशीही ती मंडळी आली ती आकड्यामुळे नाही, पोर बरी दिसत नाही या बाबांच्या नजरेमुळे.

वॉर्डातली पहिली रात्र

रात्री दहाच्या सुमारास नर्सने मला हाक मारली. मुलगी रडत होती आणि आई हातात पट्टीचं पाकीट घेऊन उभी होती. लावू का, असं विचारायला ती कचरत होती, जणू चोरी पकडली गेली आहे.

मी म्हटलं, लावा. मघाशीच १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दिलं होतं, ते काम करेपर्यंत अर्धा-पाऊण तास जाणार होता. आईने पट्टी लावली, मुलीने दोन्ही हातांनी ती चाचपली आणि पाच मिनिटांत शांत झाली. तो गारवा तिला हवा होता. तापलेल्या माणसाला कपाळावर गार काही ठेवलं की बरं वाटतं, हे खोटं नाही, आणि मूल शांत झालं, दोन घोट प्यायलं, तर तीही लहान गोष्ट नाही. मला पट्टीबद्दल राग नाही. तिच्याकडून ताप उतरवण्याची अपेक्षा केली आणि ताप मोजायची जागा तिने झाकली, एवढीच तक्रार आहे.

त्या रात्री आईला जे सांगितलं ते असं. ताप काखेत मोजा, कपाळावर मोजायचाच असेल तर पट्टी काढून कपाळ पुसून किमान अर्धा तास जाऊ द्या. हाताने अंदाज घ्यायचा तर मानेमागे किंवा पोटावर घ्या. मूल झोपलं आणि जवळ जागं कुणी नसेल तर पट्टी काढून टाका, कारण ती घसरून नाका-तोंडावर बसली तर एवढ्या मुलाला ती बाजूला करता येत नाही. तान्ह्या बाळांचा असा श्वास कोंडल्याचे प्रसंग झालेले आहेत. सुटलेला कोपरा मूल तोडून तोंडातही घालतं. कातडीला खरूज, ओरखडा, पुरळ असेल तर लावू नका. मेंथॉल असलेली पट्टी दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळ नको, त्या उग्र वासाने लहान बाळाचा श्वास अडखळू शकतो. तिची पट्टी बिनमेंथॉलची होती, ते मी लावण्याआधी पाकिटावर वाचून घेतलं होतं. फ्रिजमध्ये ठेवली तर चालेल, बर्फाच्या कप्प्यात नको.

आजी हे सगळं ऐकत होती. तिने विचारलं, मग साधी पाण्याची पट्टी? तिचंही हेच उत्तर: बरं वाटायला चालेल, पाणी साधं, बर्फाचं नाही, आणि मूल कुडकुडायला लागलं की थांबायचं. अंगाला स्पिरिट चोळणं मात्र पूर्ण बंद, कातडीतून आणि श्वासातून ते मुलाच्या रक्तात जातं. कपडे हलके, खोली मोकळी, पांघरूण मूल मागेल तितकंच. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप असेल तर पट्टी नाही, घरी पॅरासिटामॉल देऊन थांबणं नाही, थेट दवाखाना, रात्र असली तरी.

पुढे

दहाव्या दिवशी ती चालत आली, म्हणजे बाबांचं बोट धरून. मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली होती, दोन्ही बाजू नीट, आकार वयाप्रमाणे. पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा कारण न कळणारा ताप आला तर एका दिवसाच्या आत लघवी तपासायची, हे कार्डावर लिहून दिलं.

वही आईने सोबत आणली होती. वेळ आणि आकडा या दोन रकान्यांच्या मध्ये पेनाने एक रेघ ओढून तिसरा रकाना केला होता, त्यात प्रत्येक ओळीला "काख" लिहिलेलं. शेवटची नोंद ९७.९. फ्रिजमध्ये दोन पट्ट्या उरल्या आहेत, त्या टाकून देऊ का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, राहू द्या.